चाळिशीनंतर उंचावर धावताना

दहा-पंधरा वर्षांपूर्वी पहाटेच्या अंधारात गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर कोणी धावताना दिसले, तर हा पोलीस भरतीची नाहीतर सैन्यभरतीची तयारी करणारा पोरगा आहे, हे न विचारता कळायचे. आता तसे राहिलेले नाही. त्या पोरांच्या मागोमाग, थोडे अंतर राखून, पन्नाशीकडे झुकलेले गुरुजी धावत असतात. सोसायटीचे सचिव असतात. क्वचित एखाद्या अंगणवाडीच्या बाईही असतात. पहिले काही दिवस लोक हसतात, कुत्री भुंकतात. पुढे दोघांनाही सवय होते.

या प्रौढ मंडळींपैकी पुष्कळजण पावसाळा सरता सरता साताऱ्याला जातात. यवतेश्वरच्या घाटातून कासच्या दिशेने जाणारी अर्धमॅरेथॉन, म्हणजे सुमारे एकवीस किलोमीटरांची शर्यत, तेथे २०१२ सालापासून होते. घाट चढून-उतरून आलेला माणूस पदक गळ्यात घालून घरी येतो आणि आठ दिवसांच्या आत कोणीतरी त्याला सांगतो की लडाखमध्ये लेहला याहून मोठी शर्यत असते. तीही २०१२ पासूनचीच. मग हिशेब मांडला जातो : सातारचा घाट चढलो, तेव्हा लेहही काही अवघड नाही. श्रोतेहो, हा हिशेब चुकतो, आणि तो नेमका कोठे चुकतो हे सांगण्यासाठी आजचे हे भाषण. मी भूगोल शिकवतो, वैद्यक नव्हे. पण २०२३ च्या सप्टेंबरात, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, लेहला एकवीस किलोमीटर धावून आलो आहे, आणि त्याआधी वर्षभर या विषयावर मिळेल ते वाचत होतो.

चूक अशी की आपण चढ आणि उंची या दोन गोष्टी एकच समजतो. चढ हा पायांचा प्रश्न आहे. उंची हा हवेचा प्रश्न आहे. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटरांवर, कासचे पठार सुमारे बाराशेवर. महाबळेश्वर तेराशेच्या पुढे. आपल्या राज्यातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते १,६४६ मीटर. आणि लेह शहर आहे सुमारे ३,५०० मीटरांवर, म्हणजे साडेअकरा हजार फुटांच्या आसपास. कळसूबाईच्या डोक्यावर दुसरी कळसूबाई ठेवली तरी लेह तिच्याहून वरच राहील! तेव्हा आपल्या सह्याद्रीत कितीही घाट पालथे घातले तरी उंचीचा सराव असा होत नाही. पायांचा होतो, छातीचा होतो, मनाचाही होतो. रक्ताचा होत नाही.

आता उंचावर हवा विरळ असते म्हणजे काय? शाळेत मुले हटकून सांगतात की वर प्राणवायूचे प्रमाण कमी असते. ते तसे नाही. शंभर भाग हवेत सुमारे एकवीस भाग प्राणवायू, हे प्रमाण मुंबईत आहे तेच लेहला आहे. फरक दाबात आहे. कापूस वेचून घरात ढीग लावला की तळचा कापूस वरच्याच्या भाराने दबून बसतो आणि वरचा फुललेला राहतो. तळातून एक कवळा घ्या आणि वरून एक कवळा घ्या. कवळा तेवढाच, पण तळच्या कवळ्यात कापूस जास्त भरतो. हवेचे तसेच आहे. आपण सखल प्रदेशातली माणसे ढिगाच्या तळाशी राहतो. लेहला आपला श्वास म्हणजे वरचा कवळा. छाती तेवढीच फुगते. पण समुद्रकाठी सोळा आणे प्राणवायू मिळत असेल, तर तेथे साडेदहा आणे मिळतो. शिक्षक मंडळींनी हा कापसाचा दाखला वर्गात जरूर वापरून पाहावा.

करोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ साली, बोटाला लावायचे ऑक्सिमीटर गावोगावी पोचले. घरी त्यावर सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव आकडा दिसतो. लेहला उतरल्यावर पहिल्या दिवशी चांगल्या धडधाकट माणसाचा आकडा पंच्याऐंशी ते नव्वदच्या दरम्यान येऊ शकतो. साथीच्या दिवसांत असा आकडा पाहून घरात रडारड झाली असती. तेथे तो नेहमीचाच. मात्र त्या आकड्यानिशी शर्यत धावायची नसते, एवढे समजले पाहिजे.

विरळ हवा भल्याभल्यांना काय करते हे जगाने १९६८ साली पाहिले. त्या वर्षीचे ऑलिंपिक मेक्सिको शहरात झाले. ते शहर २,२४० मीटरांवर आहे, लेहपेक्षा पुष्कळच खाली. लांब उडीत अमेरिकेच्या बॉब बीमनने ८.९० मीटरांची उडी मारून सगळ्यांना थक्क केले. विरळ हवेचा अडथळा कमी आणि काम काही सेकंदांचे, त्यामुळे तेथे उंचीने मदतच केली. पण लांब पल्ल्याच्या शर्यतींत चित्र उलटे झाले. दहा हजार मीटरांचा जागतिक विक्रम त्या वेळी ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्कच्या नावावर होता, २७ मिनिटे ३९.४ सेकंद. मेक्सिकोत ती शर्यत केनियाच्या नफ्ताली टेमूने जिंकली ती २९ मिनिटे २७.४ सेकंदांत. म्हणजे विजेता विक्रमापेक्षा पावणेदोन मिनिटांहून अधिक मागे! स्वतः क्लार्क सहावा आला आणि शर्यत संपताच कोसळला. त्याला प्राणवायू द्यावा लागला. टेमूच्या मागे दुसरा आला तो इथिओपियाचा मामो वोल्डे, आणि आठवड्याने त्यानेच मॅरेथॉन जिंकली. वोल्डे तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. केनिया आणि इथिओपियातले हे धावपटू जन्माने डोंगरी मुलखातले. विरळ हवा त्यांच्या अंगात मुरलेली. क्लार्क त्यांच्याहून कमी कसलेला मुळीच नव्हता. तो फक्त खालून आला होता. आपणही खालूनच जाणार आहोत, आणि आपण रॉन क्लार्क नाही.

त्यात पुन्हा वय. नाडीचा कमाल वेग वयाबरोबर उतरत जातो, त्याला व्यायामाने फारसा आळा घालता येत नाही. शरीराची प्राणवायू वापरण्याची जी कमाल कुवत असते, ती तिशीनंतर दर दहा वर्षांत सुमारे दहा टक्क्यांनी घटते. जो सतत धावत राहतो त्याच्या बाबतीत ही घट सुमारे निम्म्यावर येते. आमच्यासारख्या चाळिशीत नव्याने सुरुवात करणाऱ्यांचा तर आधी पुष्कळसा बॅकलॉगच भरून निघतो, त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षे वय उलटे चालल्याचा भास होतो. भासच तो, पण सुखाचा आहे. उंचावर मात्र हीच कुवत आणखी घटते. दीड हजार मीटरांच्या पुढे दर हजार मीटरांना साधारण सहा-सात टक्के, आणि लेहच्या उंचीवर काही जणांच्या बाबतीत पाचवा हिस्साही जातो. म्हणजे वयाने एकदा कापून घेतलेल्या भाकरीतून उंची पुन्हा तुकडा मोडते.

यावरून उतारवयात हा नाद नकोच, असे मात्र ठरत नाही. कॅनडातले एड व्हिटलॉक यांनी २००४ साली त्र्याहत्तराव्या वर्षी टोरांटोची मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंदांत पूर्ण केली. पंच्याऐंशीव्या वर्षी, २०१६ साली, तीच शर्यत त्यांनी चार तासांच्या आत संपवली. त्यांचा सराव काय होता म्हणाल, तर घराजवळच्या दफनभूमीच्या आवारात तासन्‌तास सावकाश घातलेल्या फेऱ्या. ना मार्गदर्शक, ना महागडी यंत्रे. मला या गृहस्थांचे सर्वांत जास्त कौतुक वाटते ते त्यांच्या त्या सावकाशीचे.

तेव्हा सराव कसा करायचा? निदान दहा महिने हाताशी धरावेत. आठवड्यातून चार दिवस धावणे पुरे; उरलेल्या दिवसांत चालणे आणि एक दिवस संपूर्ण विश्रांती. चारांपैकी तीन दिवस वेग इतका संथ असावा की पाठ असलेला अभंग धावता धावता न तुटता म्हणता आला पाहिजे. वारकरी पंढरीच्या वाटेवर अडीचशे-तीनशे किलोमीटर गात चालतात, दमत नाहीत, त्यातले मर्म हेच आहे. धाप लागेल असे धावणे आठवड्यातून एकच दिवस, आणि तेही थोडा वेळ. रविवारी लांबचे अंतर. ते दर आठवड्याला किलोमीटर-दीड किलोमीटर वाढवावे आणि दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करावे. पंचविशीतले पोर आज दमले तर उद्या ताजे होते. आपले स्नायू, आणि त्याहून अधिक आपल्या टाचेच्या व गुडघ्याच्या शिरा, दोन-दोन दिवस घेतात. चाळिशीनंतरची बहुतेक दुखणी कमी सरावाने होत नाहीत, विश्रांती चोरल्याने होतात.

ज्यांच्या जवळ घाट आहे त्यांनी पंधरवड्यातून एकदा घाट धरावा. चढाला पळू नये, झपझप चालावे. लेहच्या पूर्ण मॅरेथॉनचा मार्ग शहरातून खाली सिंधूच्या खोऱ्याकडे उतरतो आणि परत वर येतो, त्यामुळे शेवटचे, थकलेले किलोमीटर नेमके चढाचे येतात. तेथे चालण्याची लाज बाळगून भागत नाही. आणि आपल्या तालमीतल्या बैठकांना विसरू नका. वयाबरोबर मांडीचे स्नायू झिजतात, त्यावर बैठकांसारखा स्वस्त उपाय मला ठाऊक नाही.

निघण्याच्या तीन-चार महिने आधी डॉक्टरांकडे जावे. रक्तदाब, साखर, हृदयाचा आलेख, आणि ते सांगतील तर पट्ट्यावर चालवून घेतात ती चाचणी. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडीला लगाम घालतात, काही अंगातले पाणी कमी करतात. अशा माणसाने उंचावर धावण्याचा विचार डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नये. रक्तातले हिमोग्लोबिनही तपासून घ्यावे, विशेषतः भगिनींनी. उंचावर शरीराला तांबड्या पेशी वाढवायच्या असतात आणि त्याला लोह लागते. घरातच टंचाई असेल तर तेथे काय वाढणार? मात्र तपासल्याशिवाय लोहाच्या गोळ्या खात सुटणेही बरे नव्हे.

बाजारात हल्ली तोंडाला बांधायचे एक मुखवट्यासारखे साधन मिळते. ते लावून धावले की घरबसल्या उंचीचा सराव होतो, असे विकणारे सांगतात. त्याने श्वास घ्यायला जड जाते, एवढेच. हवेचा दाब आहे तेवढाच राहतो. ते पैसे बुटांना घालावेत.

खरी परीक्षा लेहला पोचल्यावर पहिल्या चार दिवसांत असते. दिल्लीहून विमान सव्वा तासात तेथे उतरवते. सकाळी आपण समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरांवर असतो आणि चहाच्या वेळेला सव्वातीन हजारांवर. शरीराला हे कळायला काही तास लागतात, म्हणून पहिल्या दुपारी माणसाला फार उत्साह वाटतो आणि घात तेथेच होतो. आमच्या गटात एक बावन्न वर्षांचे माध्यमिक शिक्षक होते. आमच्या सर्वांत ते पळण्यात सरस. उतरल्या दिवशी संध्याकाळी, पाय मोकळे करतो म्हणून ते पाच किलोमीटर धावून आले. रात्री डोके फुटायची पाळी, ओकाऱ्या, झोप नाही. दुसऱ्या दिवशी इस्पितळात प्राणवायू लावावा लागला. शर्यतीत धावण्याचा विषय डॉक्टरांनीच संपवला. वर्षभर पहाटे चारला उठून केलेला सराव एका संध्याकाळीत गेला. शर्यतीच्या दिवशी ते रस्त्याच्या कडेला उभे राहून आम्हांला टाळ्या देत होते. ते बघवत नव्हते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उंचीचा हा आजार दुबळ्यांनाच होतो असे नाही. १९६२ च्या चीनशी झालेल्या युद्धात आपल्या जवानांना घाईघाईने उंच मुलखात न्यावे लागले. त्या काळातल्या अनुभवावरून भारतीय सैन्यातील डॉक्टरांनी १,९२५ जवानांच्या आजाराची निरीक्षणे लिहिली, आणि १९६९ साली ती अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. या विषयावर जगभर आजही त्या लेखाचा दाखला देतात. ते जवान काही अशक्त नव्हते. अंगातली ताकद उंचीपासून राखत नाही. उलट ताकदवान माणूस पहिल्या दिवशी जास्त हुंदडतो. वय जास्त म्हणून हा आजार जास्त होतो असेही दिसत नाही. त्या बाबतीत पन्नाशीच्या माणसाला भिण्याचे विशेष कारण नाही, त्याने फक्त पंचविशीचे सोंग आणू नये.

म्हणून पहिले दोन दिवस काही म्हणजे काही करायचे नाही. खोलीत बसावे, अंगणात फिरावे, तहानेप्रमाणे पाणी प्यावे, गरम सूप घ्यावे. दारू आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाजारापर्यंत चालावे. पाचव्या दिवशी डोके दुखत नसेल तर वीस मिनिटे, अगदी अभंगाच्या वेगाने धावावे. या दिवसांत शरीर आत काय करत असते? श्वास खोल आणि जलद होतो. मूत्रपिंडे रक्ताचा समतोल जुळवून घेतात. रक्तातला पाण्याचा अंश थोडा घटून रक्त दाट होते. तांबड्या पेशी वाढवण्याचा हुकूम पहिल्या एक-दोन दिवसांतच सुटतो, पण पेशी प्रत्यक्ष तयार होऊन कामाला लागायला काही आठवडे जातात. त्यामुळे दहा दिवस आधी जाणे हे माझ्या मते कमीत कमी. दोन आठवडे मिळाले तर उत्तम.

आणि येथेच शिक्षकांची अडचण उभी राहते. ही शर्यत सप्टेंबरात, म्हणजे ऐन सत्रात! दोन आठवड्यांची रजा मुख्याध्यापकांकडे मागायची कोणत्या तोंडाने? मी अर्जित रजा वर्षभर साठवली होती. ज्यांना पाच-सहा दिवसच मिळतात त्यांनी पूर्ण मॅरेथॉनचा नाद सोडून लहान अंतराची शर्यत घ्यावी, किंवा नुसते पाहायला जावे. रजा कमी म्हणून शरीर घाई करत नाही.

रस्त्याने जाणाऱ्यांसाठी दोन वाटा आहेत. श्रीनगरकडून जाणारी वाट सुमारे साडेतीन हजार मीटरांची झोजी खिंड ओलांडून कारगिलला उतरते. कारगिल २,७०० मीटरांच्या आसपास, तेथे मुक्काम केला की शरीराला एक पायरी मिळते. मनालीकडची वाट देखणी खरी, पण ती पाच हजार मीटरांवरच्या खिंडींतून जाते आणि सरचूसारख्या चार हजारांहून उंच ठिकाणी रात्र काढायला लावते. पहिल्यांदा जाणाऱ्याने श्रीनगरचीच वाट धरावी. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरांहून अधिक चढवू नये, असा गिर्यारोहकांतला जाणता संकेत आहे.

शर्यतीच्या दिवशी मनगटावरचे घड्याळ पाहू नये. घरचा वेग किमान पाचव्या हिश्श्याने कमी धरूनच सुरुवात करावी. मी घरी सव्वादोन तासांत धावतो ते अंतर तेथे दोन तास पन्नास मिनिटांत संपवले, आणि मला त्याचे दुःख नाही. पहाटे बोचरी थंडी, दोन तासांत भाजणारे ऊन. हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळतच नाही. म्हणून पाणी घ्यावे, पण घटाघट लिटरच्या लिटर पिऊ नये. तेही अपायकारक आहे.

आता जे सांगतो ते धावणाऱ्यांपुरते नाही. केदारनाथ ३,५८३ मीटरांवर आहे, म्हणजे लेहच्याच बरोबरीचे. अमरनाथची गुहा त्याहूनही वर. आपल्या गावागावांतून दर वर्षी वयस्कर मंडळी तेथे जातात, आणि हेलिकॉप्टरने गेले तर काही मिनिटांत पोचतात. डोके दुखणे, मळमळ, भूक नसणे, झोप न लागणे ही पहिली सूचना. अशा वेळी होता तेथेच थांबावे, वर चढू नये. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकल्याबरोबर फेस येत असेल, माणूस असंबद्ध बोलत असेल किंवा त्याचा झोक जात असेल, तर तो प्राणावरचा प्रसंग आहे. शंका आली तर जमिनीवर रेघ ओढून, टाचेला अंगठा लावत त्यावरून चालायला सांगा. जमले नाही तर त्याच क्षणी त्याला खाली न्यायचे, वाटेत प्राणवायू मिळेल तेथे घ्यायचा. सकाळची वाट पाहायची नाही. एकटे पाठवायचे नाही. यात्रेकरू कापराची पुडी हुंगतात. कापराने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. रक्तातला प्राणवायू त्याने वाढत नाही. हा आजार टाळायला एक गोळी आहे, ती डॉक्टर जाण्याआधीच सुरू करायला सांगतात, पण ती सगळ्यांना चालत नाही. शेजाऱ्याची उरलेली गोळी घेऊन जाऊ नये.

परत आल्यावर काय, हेही लोक विचारतात. दहा-बारा दिवसांच्या मुक्कामात नव्या तांबड्या पेशी फारशा साठत नाहीत, त्यामुळे गावी आल्यावर वेग वाढेल ही अपेक्षा करू नये. पहिले दोन आठवडे नुसते चालावे. तिसऱ्या आठवड्यात, भरतीची पोरे निघून गेल्यावर, हळूहळू पुन्हा रस्त्याला लागावे.